‘गावठी’ टेस्ट लॅम्पबद्दल, एका प्रतिक्रियेला उत्तर

सर,

जुन्या मोटरसायकलच्या ब्रेक लाइटची वायरिंग टेस्ट लॅम्पनं, म्हणजे दोन वायरी जोडलेल्या साध्या बल्बनं, कशी तपासायची यावर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा वाटलं माझाच काही गैरसमज होतोय. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी मुख्य वाक्य देतो: ‘टेस्ट लॅम्प लावून वायरिंग तपासणं हा गावठी प्रकार आहे. मल्टीमीटरवर 12 व्होल्ट दिसले की वायर ठीक, एवढंही लेखकाला कळू नये याची कीव येते.’ शिवाय पॉलिश पेपरचा नंबर चुकला, टेस्ट लॅम्पनं ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) जळतो, एवढ्या उठाठेवीपेक्षा एलईडी टाका, आणि ‘अर्थिंग’ (करंटची बॅटरीच्या मायनसकडं परतायची वाट) नव्हे ‘अर्थ’ म्हणा. खाली नावापुढे बी.ई.

पॉलिश पेपरचं मान्य. मी 120 लिहिला, 400 पाहिजे होता. 120 नं होल्डरमधल्या पट्टीवरचा मुलामाच निघतो आणि उघड्या पितळेवर कळंक लवकर चढतो. लेखात बदल केलाय. चूक दाखवल्याबद्दल आभार. कीव न करताही ती दाखवता आली असती.

आता ‘गावठी’. हा शब्द तुम्ही शिवीसारखा वापरलाय म्हणून विचारतो, ब्रेक लाइट सर्वात जास्त कुणाचे बंद पडतात? मागं दुधाच्या किटल्या, फवारणीचा पंप, नाहीतर युरियाचं पोतं बांधून फिरणाऱ्या गाड्यांचे. कॅरिअरचा बोल्ट आवळताना मडगार्डखालची वायर चेपते. युरिया हवेतली ओल धरून ठेवतो आणि सीटखालच्या कपलरमध्ये (वायरी जोडायच्या प्लगमध्ये) उतरला की थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची पितळी पट्टी, हिरवं पडतं. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं ना, तसाच प्रकार. ऊसतोडीच्या दिवसांत माजलगाव-परभणीकडं रात्री विनालाइटच्या ट्रॉल्या पुढं असतात. तिथं अचानक ब्रेक मारावा लागतो तेव्हा मागच्याला तुमची डिग्री दिसत नाही, लाल दिवा दिसला तर दिसतो. तेव्हा गावठी तर गावठी. उपाय जिथं लागतो तिथलाच असणार.

बरं, शब्द सोडा, ‘12 व्होल्ट दिसले की वायर ठीक’ हे बघू. एखाद्या थिंबलमध्ये कळंकामुळं पाच ओहमचा अडथळा तयार झालाय असं धरा. डिजिटल मल्टीमीटरचा स्वतःचा रोध साधारण दहा मेगाओहम, म्हणजे तो करंट जवळजवळ घेतच नाही. करंट नाही तर पाच ओहमवर व्होल्टेज पडणार कुठून? मीटर बॅटरीचे 12.4 व्होल्ट जसेच्या तसे दाखवतो. आता तिथं ब्रेकचा 21 वॅटचा फिलामेंट लावा. त्याला पावणेदोन अँपिअर पाहिजेत. अडथळ्यामुळं बल्बपर्यंत पोचतात जेमतेम सहा-सव्वासहा व्होल्ट. आणि व्होल्टेज निम्मं झालं म्हणजे उजेड निम्मा होत नाही, तो दहाव्या हिश्श्यावर येतो. दिवसा तर बल्ब पेटलाय हेही कळत नाही. तुमचा मीटर मात्र ‘ठीक’ म्हणतोय. तारेचे सगळे पदर तुटून एकच उरला असला तरी तो ‘ठीक’च म्हणणार.

जोड आहे की नाही हे बघताना मीटर जो बीप वाजवतो त्याचंही तेच. बहुतेक मीटर तीस-चाळीस ओहमच्या आत काहीही असलं की वाजतात. पाच ओहमचा कळंक त्यांना पक्का जोडच वाटतो. एवढंही कळू नये याची... जाऊ द्या.

टेस्ट लॅम्प म्हणजे दुसरं काय, तर तेवढाच भार. कारच्या इंडिकेटरला येतो तसा 12 व्होल्ट 21 वॅटचा सिंगल फिलामेंट बल्ब, एक होल्डर, दीड-दीड मीटरच्या दोन वायरी, एका टोकाला क्रोकोडाइल क्लिप, दुसऱ्याला टोकदार खिळा. 24 व्होल्टचा बल्ब चुकून घेऊ नका, नाहीतर सगळीच वायरिंग खराब वाटेल. आधी बॅटरीवरच लावून पूर्ण उजेड कसा दिसतो ते डोळ्यात ठेवा, पुढं तुलना त्याच्याशीच करायची.

मग क्लिप बॅटरीच्या मायनसला लावून चावी चालू करा. ब्रेक पॅडलजवळच्या स्विचच्या दोन वायरींपैकी एकीवर लॅम्प कायम पेटला पाहिजे, दुसरीवर पॅडल दाबल्यावरच. होंडा घराण्याच्या गाड्यांत येणारी काळी असते आणि ब्रेक लाइटकडं जाणारी हिरवी-पिवळी. यामाहात येणारी तपकिरी, जाणारी पिवळी. नंतर सीटखालचा कपलर, नंतर होल्डरमधला काँटॅक्ट. जिथून उजेड कमी होतो, बिघाड त्या टप्प्यात. आता क्लिप बॅटरीच्या प्लसला लावा आणि खिळा होल्डरच्या बाहेरच्या टोपीला टेकवा. लॅम्प पिवळट, मंद पेटला तर अर्थिंग गेलंय. हे सगळं मोंढ्याबाहेरच्या गॅरेजचा पोरगाही पाच मिनिटांत करतो.

अर्थिंगचा घोळ ओळखायची खूण लेखात होती, तुम्ही तिथवर आला नसावात. टेललाइट चालू असताना ब्रेक दाबला आणि दिवा भडकण्याऐवजी उलट मंद झाला, किंवा स्पीडोमीटरमधले दिवे मिणमिणले, तर अर्थिंग बघा. डबल फिलामेंट बल्बची अर्थ एकच असते. ती तुटली की ब्रेकचा करंट टेलच्या फिलामेंटमधून उलटा शिरून दुसरी वाट शोधतो. आणि ‘टेललाइट लागतोय म्हणजे अर्थिंग बरोबर आहे’ असं जे सर्रास म्हणतात, तेही खोटं. पाच वॅटच्या फिलामेंटला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही. त्याच पाच ओहमच्या अर्थिंगवर त्याला दहा व्होल्ट मिळतात आणि तो मजेत पेटतो. एकवीसवाला मरतो.

मीटरशी माझं वैर नाही. वापरायचाच तर बल्ब होल्डरमध्ये ठेवून, ब्रेक दाबलेला असताना वापरा. लाल टोक बॅटरीच्या प्लसवर, काळं होल्डरच्या ब्रेकच्या काँटॅक्टवर. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर मधे कुठंतरी जोड खराब. मग लाल टोक होल्डरच्या टोपीवर, काळं बॅटरीच्या मायनसवर. तिथं 0.3 च्या आत पाहिजे. हे तुम्ही लिहिलं असतं तर मी स्वतः लेखात तुमच्या नावानं टाकलं असतं. तुम्ही लिहिली ती कीव. बावीस वर्षं हेच काम करतोय, पदवी नाही, पण भार आणि बिनभार यातला फरक कळायला ती लागते असं वाटत नाही.

ईसीयू. लेखाच्या मथळ्यातच ‘जुनी’ लिहिलंय. कार्बोरेटरच्या स्प्लेंडरला, आरएक्स हंड्रेडला ईसीयू असतो का? इंजेक्शनच्या बीएस-6 गाडीच्या वायरीत खिळा खुपसू नये हे खरं, पण तो या लेखाचा विषयच नव्हता.

एलईडीनं अर्थिंग सुधारत नाही, बिघाड झाकला जातो. वर जुन्या स्प्लेंडरचा टेललाइट मॅग्नेटोच्या (इंजिनवरच्या जनरेटरच्या) एसी करंटवर चालतो. साधा डीसीचा एलईडी तिथं फडफडतो आणि लवकर जातो. पुढं बोलत नाही.

ज्यांनी खरोखर दुरुस्तीसाठी वाचलं त्यांच्यासाठी एक गोष्ट राहून गेली होती. पावसात मागच्या ब्रेक स्विचच्या पिनेभोवती काळ्या मातीचा चिखल बसतो आणि वाळला की दगड होतो. पिन आत परत जात नाही, ब्रेक लाइट चालूच राहतो. किक-स्टार्ट स्प्लेंडरची बॅटरी 2.5 अँपिअर-अवरची, इंजिन बंद ठेवून चावी चालू राहिली तर दीड तासाच्या आत ती झोपते. अशा वेळी आधी पुढच्या लिव्हरच्या स्विचची थिंबलं काढा. दिवा विझला तर दोष पुढं, नाही विझला तर मागं. मागचा असेल तर स्विच ब्रशनं धुवा, वाळवा, स्प्रिंग ढिली पडली असेल तर बदला. दिवा लवकर लागावा म्हणून सेटिंग करताना स्विचचं अंग एका हातानं धरून फक्त नट फिरवा. अंग फिरवलंत तर आतल्या वायरी पिळून तुटतात. ब्रेक लायनर पकडायच्या जरासं आधी दिवा लागला पाहिजे. मागचा ब्रेक आवळला की हे सेटिंगही परत बघा. पॅडलचा प्ले कमी होतो आणि दिवा लागायच्या आत ब्रेक धरतो.

पॅडल दाबून धरायला माणूस नसेल तर वीट टांगा. हीसुद्धा गावठी पद्धत आहे, आधीच सांगून ठेवतो.

राहता राहिलं ‘अर्थिंग’. आमच्याकडं अर्थिंगच म्हणतात.