“अगं, ते औषध थोडीच आहे!”

गेल्या महिन्यात आईच्या दंडावर, बीपीचा पट्टा बांधतात तिथे, जांभळा डाग उठला. दुसऱ्या दिवशी दात घासताना बेसिनमध्ये रक्त. तिच्या हृदयात धातूची झडप आहे, म्हणजे वॉरफरिन, रक्त पातळ ठेवणारी गोळी, जन्माची सोबतीण. तशीच रिक्षात घालून लॅबमध्ये नेली. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा (जितका जास्त तितकं रक्त पातळ), ५.८! तिचा हवा २.५ ते ३.५.

डॉक्टरांनी विचारलं, “आजी, नवीन काही औषध सुरू केलंत?” आई ठामपणे म्हणाली, “छे, काही नाही.”

खोटं बोलत नव्हती हो. घरी आल्यावर फ्रिजवर डबी सापडली, हळदीच्या कॅप्सूलची. तलावपाळीला सकाळी तिच्यासोबत फेऱ्या मारणाऱ्या बायकांच्या ग्रुपवर फॉरवर्ड फिरला होता, गुडघ्यांसाठी. सगळ्यांनी मिळून मागवल्या. मी डबी दाखवली तर म्हणते, “अगं, ते औषध थोडीच आहे! हळद आहे ती.”

“मग गुडघ्याला गुण येतो म्हणतेस तो कसा?” यावर ती कुकर लावायला उठली.

माझं भांडण हळदीशी नाही. आपल्या फोडणीतली अर्धा चमचा हळद, त्यात कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं मुख्य द्रव्य, फार थोडं असतं. या डबीवर लिहिलंय: एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम, ९५ टक्क्यांचा अर्क, वर काळ्या मिरीचा अर्क, म्हणजे ते रक्तात आणखी उतरावं. आई दोन घ्यायची. ही हळद कुठली, हा डोस झाला. २०१८ साली न्यूझीलंडच्या औषध नियंत्रकांनी अशाच एका रुग्णाबद्दल सावध केलं होतं: वॉरफरिन नीट चालू असताना हळदीचं उत्पादन सुरू केलं आणि आयएनआर १० च्या वर गेला. लसणाच्या कॅप्सूल, गिंको या झाडाचा अर्क यांच्याबद्दलही डॉक्टर बजावतातच. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती तर उलट्या बाजूने मारते: वॉरफरिनचा जोर घटवते, मग गुठळीची भीती.

आणि “नैसर्गिक” म्हणाल तर वॉरफरिनचं मूळही चाऱ्यातच आहे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हरचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरायला लागली. त्या चाऱ्यातल्या द्रव्यावरून पुढे वॉरफरिन बनलं. १९४८ मध्ये ते उंदरांचं विष म्हणून बाजारात आलं, १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झालं. आईला हे सांगितलं तर चेहरा असा केला, जणू मीच तिला उंदराचं औषध देतेय.

तिने आणखी एक केलं होतं. पालेभाजीत व्हिटॅमिन के असतं आणि ते या गोळीच्या विरुद्ध जातं, हे कुठेतरी ऐकून मेथी-पालक अजिबात बंद. त्यानेही आयएनआर चढतो! डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं: खा, पण दर आठवड्याला साधारण तेवढंच. डबीचं कळवल्यावर त्यांनी कॅप्सूल बंद केल्या, वॉरफरिन एक दिवस थांबवून पुन्हा तपासायला लावलं. (मनाने थांबवू नका. धातूच्या झडपेवर गुठळी धरली तर जिवावर बेतेल.)

मला डॉक्टरांचा राग नाही, पण प्रश्न चुकला असं वाटतं. आमच्या आयांना “औषध” विचारलं की त्या केमिस्टकडची पट्टी आठवतात. चूर्ण, काढा, ग्रुपवरची डबी त्या यादीत येतच नाही. म्हणून हल्ली तपासणीला जाताना मी फ्रिजवरचं, देव्हाऱ्याशेजारचं, पर्समधलं, सगळं एका पिशवीत भरते आणि टेबलावर ओतते. मागच्या वेळी त्यातून दोन चूर्णं आणि एक काढा निघाला. आई खिडकीबाहेर बघत होती.

आयएनआर आता ३.१. उरलेल्या कॅप्सूल मात्र तिने टाकू दिल्या नाहीत. “पैसे मोजलेत,” म्हणे. शेजारच्या काकूंना देणार होती, मी आधी विचारलं, त्या कुठल्या गोळ्या घेतात. त्याही रक्त पातळ व्हायच्याच निघाल्या.