कुवेत म्हणजे नुसती वाळू आणि महाग दिनार?

‘तेल सापडण्याआधी कुवेतमध्ये वाळूशिवाय काही नव्हतं. आज त्यांचा दिनार जगात सगळ्यात महाग, म्हणजे देशही सगळ्यात श्रीमंत. राजा म्हणेल तो कायदा. टॅक्स नाही, त्यामुळे तिथला प्रत्येक जण मजेत.’ गल्फला निघालेल्या पोरांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

आधी वाळूचं. कुवेतच्या बुरगान भागात तेल लागलं 1938 मध्ये, पहिला टँकर निघाला 1946 मध्ये. त्याआधीचं कुवेत समुद्रावर जगत होतं. उन्हाळ्यात माणसं मोत्यांसाठी बुड्या मारायची. बंदरावर मोठमोठी लाकडी जहाजं बांधली जायची, आणि वाळवंटात झाडं कुठली, तर सागवान यायचं मलबारहून. बसऱ्याचा खजूर भरून हीच जहाजं मुंबईला लागायची, मोतीही मुंबईच्या बाजारात विकले जायचे. देशात एकही बारमाही नदी नाही, म्हणून गोडं पाणीसुद्धा शत्त अल अरब नदीतून जहाजांनी आणावं लागे. जपानचे कल्चर्ड, म्हणजे शिंपल्यांत मुद्दाम वाढवलेले मोती आले आणि 1930 च्या दशकात हा धंदा बसला. फैलका बेटावर तर चार हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचे अवशेष आहेत. ‘काही नव्हतं’ असं म्हणणाऱ्याने समुद्राकडे पाहिलेलंच नाही.

दिनार महाग हे खरं, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चूक. 1961 पर्यंत कुवेतमध्ये आपलाच रुपया चालायचा. 1959 पासून तर रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या नोटा छापत होती. 1961 मध्ये दिनार आला तेव्हा तो एका ब्रिटिश पौंडाबरोबर धरला, म्हणजे 13 रुपये 33 पैशांना एक दिनार. एककच मोठं ठरवलं होतं. जपानचा येन किती छोटा, म्हणून जपान गरीब ठरतो का? दरडोई उत्पन्नात शेजारचा कतार कुवेतच्या कितीतरी पुढे आहे. कुवेतची खरी ताकद बचतीत आहे: तेलाचा पैसा गुंतवायला त्यांनी 1953 मध्येच मंडळ नेमलं आणि 1976 पासून पुढच्या पिढ्यांसाठी वेगळा निधी ठेवला.

राजाचं म्हणाल, तर 1962 ची राज्यघटना आहे आणि 1963 पासून निवडून आलेली संसद मंत्र्यांना धारेवर धरत आली. 2005 मध्ये स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला. मे 2024 मध्ये अमीरांनी, म्हणजे तिथल्या राजांनी, संसद बरखास्त केली, घटनेतली काही कलमं स्थगित केली, हेही सांगितलं पाहिजे. आज सत्ता त्यांच्याच हाती आहे, पण कायम असंच होतं हे खोटं.

आणि ‘प्रत्येक जण मजेत’? याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. पगारावर टॅक्स नाही, कबूल. पण कुवेतच्या लोकसंख्येत कुवेती नागरिक साधारण एक तृतीयांशच आहेत, बाकी बाहेरून आलेले. परदेशी लोकांत सर्वांत मोठा समाज भारतीयांचा. सरकारी घर आणि भत्ते नागरिकांसाठी आहेत. कामगाराचा व्हिसा मालकाशी, म्हणजे कफीलशी बांधलेला असतो. ऊन इतकं की जून ते ऑगस्ट सकाळी 11 ते दुपारी 4 उघड्यावर काम करून घ्यायला कायद्यानेच बंदी आहे. जून 2024 मध्ये कुवेतमधल्या मंगाफला कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि 45 भारतीय गेले. ती माणसंही त्याच ‘श्रीमंत’ देशात राहत होती.

जायचं असेल तर जरूर जा. पण एजंटच्या हातावर पैसे ठेवण्याआधी त्याची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे का ते बघा, आणि करारात पगार, जेवण, राहण्याची सोय काय लिहिली आहे ते नीट वाचून घ्या.