आज काही कळलं नाही, हेसुद्धा सांगा

14 एप्रिल 2014 च्या रात्री नायजेरियातल्या चिबोक गावच्या शाळेतून बोको हराम या अतिरेकी संघटनेने 276 मुली पळवून नेल्या. परीक्षेसाठी म्हणून त्या वसतिगृहात येऊन राहिल्या होत्या. दोन दिवसांनी लष्कराने जाहीर केलं की आठजणी सोडून बाकी सगळ्या सुटल्या. गावातले आईबाप एकमेकांना विचारायला लागले, कुणाची आली? कुणाचीच आली नव्हती. असं काही झालेलं नाही, हे शेवटी मुख्याध्यापिकेला सांगावं लागलं, आणि मग लष्कराने विधान मागे घेतलं.

मुलगी गेली ते दुःख एक. पण ती सुटली असं सरकारने सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी ते खोटं निघायचं, हे मला त्याहून वेगळं आणि फार क्रूर वाटतं. मुली नेल्या अतिरेक्यांनी, पण ही दुसरी जखम ज्यांच्याकडे मदतीसाठी बघायचं त्यांनीच केली.

हे मी लांबून लिहीत नाहीये. बारा वर्षं झाली, हरवलेल्या मुलींच्या घरच्यांबरोबर मी पोलीस ठाण्याचे हेलपाटे घालते. साहेब काय म्हणाले ते घरी सांगायचं आणि घरच्यांचं म्हणणं साहेबांच्या कानावर घालायचं, हे माझं काम. सुरुवातीच्या काळात एका आईला मी सलग सात आठवडे "ताई, तपास चालू आहे" असं सांगत राहिले. तपास अधिकाऱ्याची बदली झालीय आणि नव्या माणसाने फाईल उघडलेलीसुद्धा नाही, हे मला माहीत होतं. तिचा धीर सुटू नये, एवढंच माझ्या मनात होतं. एक दिवस ती एकटीच ठाण्यात गेली आणि तिला सगळं कळलं. संध्याकाळी मी गेले तर ती भांडली नाही. तिने चहा दिला. कप ठेवला, पदर सावरला आणि आत निघून गेली. त्या दिवसानंतर तिने मला काहीही विचारलं नाही.

म्हणून चिबोकबद्दल वाचताना माझं लक्ष बंदुकांपेक्षा मधल्या माणसांकडे जातं.

पहिल्या दिवसांत तिथे मधला माणूस नव्हताच. बापांनी पेट्रोलसाठी पैसे गोळा केले आणि मोटरसायकली घेऊन, धनुष्यबाणानिशी, बोको हरामचे अड्डे असलेल्या संबिसाच्या जंगलाकडे गेले. पुढे गेलात तर जिवंत परत येणार नाही, असं वाटेतल्या गावकऱ्यांनी सांगितलं तेव्हा ते माघारी फिरले. 57 मुली ट्रकमधून उड्या मारून वगैरे आपल्या आपण सुटल्या. उरल्या 219. राजधानी अबुजात माजी मंत्री ओबी एझेक्वेसिली आणि इतर बायकांनी 'ब्रिंग बॅक अवर गर्ल्स' आंदोलन उभं केलं, दिवसामागून दिवस त्या युनिटी फाउंटनपाशी जमत राहिल्या. राष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन पालकांना पहिल्यांदा भेटले 22 जुलैला. म्हणजे 99 दिवसांनी! त्याच्या आठवडाभर आधी मलाला अबुजात येऊन पालकांना आणि राष्ट्राध्यक्षांनाही भेटून गेली होती. स्वतःच्या देशातल्या आईबापांना स्वतःच्या राष्ट्राध्यक्षाला भेटण्याआधी दुसऱ्या देशातली सतरा वर्षांची मुलगी भेटते, हे वाचून मला आजही गलबलून येतं.

मग ऑक्टोबर 2014. लष्करप्रमुखांनी युद्धबंदी जाहीर केली, मुली लवकरच सुटणार अशी बातमी जगभर गेली. दोन आठवड्यांत बोको हरामच्या म्होरक्याचा व्हिडिओ आला: युद्धबंदी वगैरे काही नाही, मुलींची आम्ही लग्नं लावून दिली. सरकार ज्याच्याशी बोलत होतं तो माणूस बोको हरामच्या वतीने बोलू शकतो की नाही, हे धड तपासलं तरी होतं का? आणि तपासलं नव्हतं तर ते आईबापांच्या कानावर का घातलं?

खरा मधला माणूस सापडला त्याच भागातल्या मैदुगुरी शहरात. झन्ना मुस्तफा, पेशाने वकील. 2007 साली त्यांनी अनाथ मुलांसाठी शाळा काढली होती. पुढे बोको हरामचा हिंसाचार पेटला तेव्हा त्याच शाळेत मारल्या गेलेल्या सैनिकांची मुलं आणि मारल्या गेलेल्या अतिरेक्यांची मुलं एका बाकावर बसायला लागली. विचार करा, शहरात बॉम्ब फुटतायत, आणि हा माणूस दोन्हीकडच्या विधवांना सांगतोय की तुमचं पोर माझ्याकडे पाठवा. त्यांच्यावर दोन्हीकडच्यांनी विश्वास ठेवला तो या शाळेमुळे. ती पुण्याई वर्षानुवर्षांची होती, वाटाघाटीच्या टेबलावर ती ऐनवेळी मिळत नाही. स्विस सरकार आणि रेडक्रॉस यांच्या मदतीने ऑक्टोबर 2016 मध्ये 21 मुली सुटल्या, आणि मे 2017 मध्ये आणखी 82. त्या वेळी सरकारने ताब्यातले काही बोको हरामचे लोक सोडले. जंगलाच्या कडेला मुली गडद हिजाबमध्ये रांगेने उभ्या होत्या आणि मुस्तफा त्यांना ताब्यात घ्यायला समोर उभे होते. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने त्यांना नानसेन पुरस्कार दिला.

पण त्या 82 नावांची यादी आली तेव्हा शंभरावर घरांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली असेल आणि आपलं नाव त्यात नाही हे पाहिलं असेल. त्या घरांपाशी त्या रात्री कोण जाऊन बसलं?

सुटकेनंतरचं तर मला अजूनच पटत नाही. पहिल्या 21 जणींना नाताळसाठी चिबोकला नेलं, पण स्वतःच्या घरी जाऊ दिलं नाही, एका राजकारण्याच्या घरात ठेवलं. सरकारचं कारण सुरक्षेचं होतं. उपचार, समुपदेशन, शिक्षण, हे सगळं लागतं, मान्य आहे. अडीच वर्षं जंगलात काढलेल्या पोरीला थेट घरात सोडून मोकळं होता येत नाही. पण आई गावात आणि मुलगी त्याच गावात पहाऱ्याखाली? हा निर्णय घेताना आईला कुणी बोलावलं होतं का?

लोक म्हणतात, वाटाघाटी गुप्तच ठेवाव्या लागतात, घरच्यांना सगळं सांगितलं तर बोभाटा होईल आणि मुलींच्या जिवावर बेतेल. खरं आहे. कुठला रस्ता, कुठला दिवस, कोणाच्या बदल्यात कोण, हे आईबाप विचारतच नाहीत. माझ्या अनुभवात तर कधीच नाही. ते विचारतात: कुणीतरी बघतंय ना? तो माणूस कोण? पुन्हा कधी सांगाल? या तीन प्रश्नांची उत्तरं दिल्याने कुठलीही वाटाघाट फिसकटत नाही. "या महिन्यात काहीच कळलं नाही" हेसुद्धा उत्तरच आहे. ते द्यायला मात्र धाडस लागतं, कारण समोर आई बसलेली असते.

आणि चिबोकवरून कुणी काही शिकलं का? 19 फेब्रुवारी 2018, नायजेरियातलंच दापची, पळवलेल्या 110 मुली. राज्य सरकारने आधी जाहीर केलं की काही मुली सोडवल्या, मग शब्द फिरवला. पुन्हा तेच. बेपत्ता मुलींची यादी पालकांनीच घरोघर विचारून केली. महिन्याभराने बहुतेक मुली परत आल्या. पाचजणी मरण पावल्या होत्या. धर्म बदलायला नकार देणाऱ्या एकीला सोडलंच नाही.

या सगळ्यात मला सारखी आठवते ती युगांडाची गोष्ट. ऑक्टोबर 1996, अबोके. तिथल्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या जोसेफ कोनीच्या बंडखोरांनी शाळेतल्या 139 मुली नेल्या. उपमुख्याध्यापिका सिस्टर राकेले एका शिक्षकाला घेऊन त्यांच्या मागावर जंगलात चालत गेल्या. बंडखोरांच्या म्होरक्याने काठीने मातीत आकडे लिहिले: 109 तुम्हाला देतो, 30 मी ठेवतो. त्या तिसांतल्या एकीची आई अँजेलिना अत्यम. इतर पालकांबरोबर तिने संघटना बांधली आणि ती जगभर बोलायला लागली. बंडखोरांचा निरोप आला, तू गप्प बस, तुझी मुलगी देतो. ती म्हणाली, सगळ्या द्या. ते त्यांना मान्य नव्हतं, आणि तिने एकटीची मुलगी घेतली नाही. घरच्यांना ती वेडी वाटली. मुलगी 2004 साली निसटून परत आली. आठ वर्षांनी.

इतकं मोठं काळीज माझं नाही, आणि ते कुठल्याही आईकडून मागायचा हक्क सरकारला नाही. चिबोकच्या 80 हून अधिक मुलींचा आजही पत्ता नाही. कितीतरी आईबाप वाट बघत गेले. जे आहेत त्यांच्यासाठी सरकारने एक माणूस नेमावा, ज्याचं नाव त्यांना माहीत असेल, ज्याची बदली झाली तर आधी त्यांना कळेल, आणि जो ठरल्या दिवशी बातमी असो वा नसो चिबोकला येईल.

मी आता गुरुवारी संध्याकाळी फोन करते. सध्या चार घरं आहेत. परवा एकीला म्हटलं, ताई, या आठवड्यातही काही नाही. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं. पुढच्या गुरुवारी सातनंतर करा, सहाला पाणी येतं."