कोळशाचं कर्ज आणि आखाड्यावरची लाईट

पंधरा दिवसांत तोच मेसेज मला चार ग्रुपवर आला. गावाच्या, भावकीच्या, अगदी बियाणं दुकानदाराच्या ग्रुपवरसुद्धा. मजकूर थोडक्यात असा: कोळशाला कर्ज देऊ नका म्हणून बँकांसमोर निदर्शनं करणारे लोक परदेशी इशाऱ्यावर नाचतात. कर्ज थांबलं की वीज थांबेल आणि शेतकऱ्याची मोटार बंद पडेल. बँक कुणाला पैसे देते याच्याशी तुमचा संबंध काय? आणि असल्या आंदोलनांनी आजवर काय साधलं?

पाठवणारी माणसं माझीच आहेत आणि मोटारीची काळजी त्यांना खरोखर आहे. म्हणून एकेका मुद्द्याला नीट उत्तर देतो.

आधी मोटारीचंच बोलू. देशातली साधारण सत्तर टक्के वीज आजही कोळशावर होते. उद्या सकाळी सगळी केंद्रं बंद केली तर अंधार होईल, यात वाद नाही. पण बँकांपुढं उभ्या राहणाऱ्यांचं मुख्य मागणं नव्या खाणींना आणि नव्या केंद्रांना कर्ज देऊ नये, असं आहे. चालू केंद्राची उद्या कळ दाबा, असं नाही.

आणि एवढा कोळसा जाळून आपल्याला मिळतं काय? गव्हाला पाणी द्यायची पाळी रात्रीची आली की माझा धाकटा भाऊ साडेअकराला आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर जातो. बॅटरी, काठी, गुडघ्यापर्यंत बूट. एक वाफा भरला की पुढच्याचं दार फोडायचं, पायाखाली काय आहे ते बॅटरीच्या उजेडात बघत. मध्येच लाईट जाते. मग बांधावर बसून राहायचं, कारण घरी आलो आणि लाईट आली तर पाणी एकाच वाफ्यात साचतं. पहाटे तो येतो तेव्हा त्याचे हात थंडीनं आकडलेले असतात. आई काही न बोलता चूल पेटवते.

दिवसाची वीज हवी असेल तर ती सूर्याकडून सगळ्यात सोपी मिळते. शेतीला सौर प्रकल्पातून दिवसा वीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे. तिच्या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प आपल्याच मराठवाड्यात, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात २०२४ मध्ये सुरू झाला. ३ मेगावॉटचा. या योजनेतली वीज साधारण तीन रुपये युनिटच्या आसपास पडते. असे प्रकल्पही बँकेच्या कर्जावरच उभे राहतात. बँकेचा पैसा कुठं जातो, हा म्हणूनच थेट आपल्या मोटारीचा प्रश्न आहे.

पाण्याबद्दल तर मेसेजमध्ये अवाक्षर नाही. वाफ करायला आणि ती थंड करायला औष्णिक केंद्राला पाणी लागतं. २०१३ च्या फेब्रुवारीत परळीचं ११३० मेगावॉटचं केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. २०१५ च्या दुष्काळात पुन्हा तेच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर घेऊन. ज्या मुलखात प्यायचं पाणी रुळावरून आणावं लागतं, तिथं कोळशाची वीज खात्रीची म्हणणं मला पटत नाही.

आता परदेशी इशारा. मेसेजसोबत सिडनीच्या मैदानाचा फोटो फिरतोय. तो २७ नोव्हेंबर २०२० चा आहे. भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामन्यात दोघं जण फलक घेऊन मैदानात शिरले: स्टेट बँकेनं अदानींना एक अब्ज डॉलरचं कर्ज देऊ नये. कर्ज हवं होतं ते अदानींच्या कोळसा खाणीसाठी, ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधल्या कारमायकलसाठी. २०१४ मध्ये त्या कर्जाचा सामंजस्य करार झाला होता, आणि २०२० मध्ये कर्जाची चर्चा पुन्हा सुरू झाली होती. ऑस्ट्रेलियाच्या चारही मोठ्या बँकांनी आपल्याच देशातल्या त्या खाणीपासून हात आखडते घेतले होते. तिथल्या बँकांना जे नको होतं, ते आपल्या ठेवीदारांच्या माथी का मारायचं? हे विचारायला परदेशी असावं लागत नाही, पासबुक असलं तरी पुरे.

हो, पाश्चात्त्यांचा दुटप्पीपणा खरा आहे. त्यांनी दीडशे-दोनशे वर्षं कोळसा जाळला, आणि कर्जातून होणारं प्रदूषण कमी करू म्हणणाऱ्या बँकांच्या युतीतून मोठ्या अमेरिकी बँका २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या सुरुवातीला बाहेर पडल्या. पण तिथले कार्यकर्ते सिटी, बँक ऑफ अमेरिका, चेस अशा आपल्याच बँकांच्या दारात वर्षानुवर्षं उभे आहेत. फक्त भारतालाच अडवतात, हे म्हणणं चूक आहे.

संबंध काय, या प्रश्नानं मात्र मला खरा राग येतो. ऐंशी हजारांच्या पीककर्जासाठी आईनं सातबारा, आठ-अ, फेरफार आणि इतर बँकांची बेबाकी, म्हणजे थकबाकी नसल्याचे दाखले दिले. तालुक्याच्या गावातल्या त्या शाखेत एक सही जुळली नाही म्हणून तिला परत पाठवलं. पंचवीस किलोमीटर, दोनदा. आता दुसरीकडं बघा. संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीनं मार्च २०१८ मध्ये अडचणीतल्या ३४ कोळसा प्रकल्पांचा अहवाल दिला. क्षमता ४०,१३० मेगावॉट, डोक्यावरचं कर्ज सुमारे १.७४ लाख कोटी रुपये. कुणाकडं कोळशाचा करार नव्हता, कुणाची वीज घ्यायला गिऱ्हाईक नव्हतं. नाशिकजवळ सिन्नरचा १३५० मेगावॉटचा प्रकल्प उभा राहून वर्षानुवर्षं नुसता पडून होता. अशा सगळ्या बुडीत कर्जांनी खचलेल्या सरकारी बँकांना सावरायला केंद्रानं २०१७ मध्ये २.११ लाख कोटींचं भांडवल जाहीर केलं. ठेव आपली, कर आपला, आणि संबंध नाही कसा?

शेवटचं, काय साधलं. कारमायकल थांबली नाही, ते लपवत नाही. २०२१ मध्ये तिथला पहिला कोळसा निघाला. पण वर्षाला सहा कोटी टनांची योजना एक कोटी टनांवर आली आणि कंपनीला स्वतःचा पैसा घालावा लागला. बँक ऑफ अमेरिकेनं २०१५ मध्ये कोळसा खाणींचं कर्ज कमी करण्याचं धोरण जाहीर केलं. आपल्याकडं केरळच्या फेडरल बँकेनंही कोळशाला कर्ज न देण्याचं ठरवलं.

पुढच्या महिन्यात आईच्या कर्जाचं नवं-जुनं करायचं आहे, म्हणजे जुनं फेडून नवं घ्यायचं आहे. त्या दिवशी शाखेत एक अर्ज देणार आहे: आपल्या बँकेनं कोळशाला किती कर्ज दिलं, त्यातलं किती थकलं, आणि सौर कृषी वाहिनीला किती दिलं. पोच घेऊनच येईन.