शिडी आणि कलम २३१

आमच्या शहरातल्या मेन रोडला फूटपाथ आहे, यावर नव्या माणसाचा विश्वास बसत नाही. पण आहे. मी लहानपणी त्यावरून चाललेलो आहे. मधल्या काळात त्याच्यावर बाकीचं शहर येऊन बसलं, एवढंच. चौकाच्या कोपऱ्यावर साडीच्या दुकानातल्या तीन बायका स्वागताला उभ्या असतात. तिघींच्या अंगावर पैठणी, आणि एकीला हातच नाहीत. त्यांना वळसा घातला की जीन्सवाल्याचे इसम लागतात. त्यांना कमरेच्या वर काहीच नाही. असले अर्धे लोक ओळीने उभे आणि प्रत्येकाच्या मांडीवर किमतीची चिठ्ठी. पुढे बादल्यांचे मनोरे, मग चपलांचे तोरण, मग ‘सेल! सेल! आत या’ असा पुरुषभर उंचीचा बोर्ड. तो बरोबर दारात ठेवलेला असल्यामुळे आत जाता येत नाही.

शहराचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिथल्या एका कार्यालयात माझ्या कागदावर अजून एक सही व्हायची आहे.

इंडियन रोड्स काँग्रेस नावाची एक संस्था आहे. नावात काँग्रेस असली तरी ती निवडणूक लढवत नाही. १९३४पासून ती रस्ते कसे असावेत याची मानकं ठरवते. तिचं म्हणणं असं की फूटपाथवर किमान १.८ मीटर तरी मोकळी रुंदी हवी, म्हणजे दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तरी अडायला नकोत. बाजारपेठेत तर याहूनही जास्त हवी. आमच्या मेन रोडवर दोन पैठण्यांच्या मधून उदबत्ती न्यायची तरी आडवी न्यायची सोय नाही. त्यामुळे आम्ही सगळे रस्त्यावरून चालतो. रस्त्यावर रिक्षा असतात. रिक्षावाले आम्हाला म्हणतात, “फूटपाथ कशासाठी दिलाय?” आम्ही मान खाली घालून पुढे जातो. काय सांगणार, पुतळ्यांसाठी?

तर दिवाळी तोंडावर आली आणि घरातून हुकूम सुटला की यंदा माळा काढायचा. माळा काढायला शिडी हवी. आमची लाकडी शिडी शेजाऱ्यांनी गणपतीत नेली ती विसर्जनानंतरही आली नाही. म्हणून मी हार्डवेअरवाल्याकडून ॲल्युमिनियमची घडीची शिडी घेतली. दुकानाबाहेर फूटपाथवर शिड्यांची रांग उभी होती, त्यातलीच एक. तिच्यावर साचलेल्या धुळीवरून ती बरेच महिने तिथे असावी. हे लक्षात ठेवा. इतके महिने ती त्या फूटपाथवर उभी होती आणि कायद्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

शिडी खांद्यावर घेऊन मेन रोडने चालणं म्हणजे काय हे सांगत बसत नाही. वळलो की मागचा माणूस वाकतो. त्या चालण्याने भूक लागली आणि मी आप्पांच्या मिसळीपाशी थांबलो.

आप्पांकडे आत बसायला जागा आहे, पण आत कोणी बसत नाही. आत भट्टी, आत पंखा आणि पंख्याखाली आप्पांचे मोठे मेहुणे. सगळी मजा बाहेर. पत्र्याखाली दोन टेबलं, पत्र्यापुढे चार आणि त्यांच्यापुढे एक लांबलचक बाक. खरं सांगायचं तर मिसळ बाहेरच चांगली लागते. तर्रीने घाम यावा आणि वाऱ्याने तो वाळावा, ही सोय आत होत नाही. फूटपाथ मोकळे हवेत असं मी तावातावाने बोलत असतो, पण ते मिसळ खाऊन झाल्यावर.

जागा मोकळी होईपर्यंत मी सहज विचारलं, “आप्पा, ही एवढी टेबलं चालतात का हो?”

आप्पांनी झारा खाली ठेवला. असा प्रश्न विचारणारा माणूस त्यांना आवडतो.

“हे बघा सर. शटरपर्यंत माझं. शटरपासून पायरीपर्यंत फ्रंट मार्जिन. ते पण माझंच, सात-बारा बघा. फक्त वापरायचं नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे जागा माझी, घरपट्टी माझी, पण तिथं टेबल टाकलं की बेकायदा. बांधकामाचा नकाशा मंजूर करताना मोकळी सोडलेली जागा ना ती. मोकळी म्हणजे मोकळीच.”

“आणि पायरीच्या पुढे?”

“पुढे गव्हर्मेंट.”

“पण चार टेबलं तर पायरीच्या पुढे आहेत.”

“ती तात्पुरती.”

“कधीपासून?”

“वडिलांच्या वेळेपासून.”

त्या अख्ख्या पट्ट्यात कायदेशीर बसलेलं माणूस एकच, बाकाशेजारच्या गजरेवाल्या मावशी. त्यांची टोपली परातीएवढी, पण कागद मोठा. २०१४ला फेरीवाल्यांसाठी केंद्राचा कायदा आला, त्याप्रमाणे सर्वेक्षण झालं, आणि मावशींना विक्री प्रमाणपत्र मिळालं. ते त्यांनी लॅमिनेट करून विजेच्या खांबाला सुतळीने बांधलंय. त्या कायद्यानुसार शहराच्या फेरीवाला समितीत निदान ४० टक्के सदस्य खुद्द फेरीवाले लागतात, आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका. मावशी त्यांतल्या नाहीत, पण बसण्याची ढब समिती सदस्याची. आप्पांची टेबलं त्यांच्या टोपलीकडे सरकली की त्या नुसत्या खांबाकडे बोट करतात.

मला बाकावर जागा मिळाली. शिडी घडी करून बाकाला टेकवली. मिसळ आली. पहिला घास घेतला आणि चौकाच्या बाजूने शीळ ऐकू आली.

पुढे जे घडलं त्याचं चित्रीकरण करून ते अग्निशमन दलाला दाखवायला हवं. मेन रोडच्या व्यापाऱ्यांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे, त्यावर ‘पाहुणे टॉकीजपाशी’ असा संदेश पडला होता. कोणी ओरडलं नाही, कोणी पळालं नाही. साडीवाल्याच्या दोन पोरांनी एकेक पैठणी कमरेत धरून उचलली आणि तिसरीला शेठजींनी स्वतः कवेत घेतलं. जीन्सवाल्याचे अर्धे इसम एकात एक बसतात हे मला त्या दिवशी कळलं. बादल्या आत, चपला चादरीसकट आत. ‘आत या’ हा बोर्डही प्रथमच आत गेला. हार्डवेअरवाल्याच्या शिड्या दोरीने एकत्र बांधलेल्याच होत्या. एक ओढली की सगळ्या आत.

आप्पांचा पोरगा माझ्यापाशी आला. “काका, प्लेट उचला.” मी उचलली. टेबल गेलं. “काका, जरा उठा.” मी उठलो. बाक गेला. पाच मिनिटांच्या आत मेन रोडचा फूटपाथ मी लहानपणी पाहिला होता तसा झाला. पिवळ्या-तांबड्या षटकोनी फरश्या बसवल्यात, दिसायला छान आहेत. त्या फरश्यांवर फक्त तीन गोष्टी उरल्या: खांबाखाली गजरेवाल्या मावशी, खुर्च्यांचा गठ्ठा नेताना घसरून पडलेला एक पोऱ्या, आणि डाव्या हातात मिसळ, उजव्या हातात पाव घेतलेला मी. शिडी माझ्या खांद्याला टेकली होती.

गाडी आली. जाकिटं घातलेली चार पोरं उतरली. अगदी सभ्य पोरं. एकाने पोऱ्याला हात देऊन उठवलं आणि मग खुर्च्या गाडीत टाकल्या.

“शिडी कुणाची?”

“माझी.”

“दुकान कुठलं?”

“दुकान नाही.”

“मग शिडी कशाला?”

“माळ्यावर चढायला.”

त्याने वर पाहिलं. वर आकाश होतं. “इथं कुठंय माळा?”

प्रश्न रास्त होता. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तर्री भलत्या वाटेने गेली. ठसका आवरून डोळे पुसेपर्यंत शिडी गाडीत आडवी झाली होती. ठसक्याचा अर्थ त्यांनी होकार असा लावला असणार. मावशींनी मला पाणी दिलं. “पावती हाय का?” त्यांनी विचारलं. पावती हार्डवेअरवाल्याकडे होती आणि हार्डवेअरवाल्याचं शटर खाली होतं.

जप्तीचं गोदाम शहराबाहेर, जकात बंद झाल्यावर रिकाम्या पडलेल्या नाक्यावर आहे. दुसऱ्या दिवशी तिथे गेलो. आवारात हातगाड्या, फळ्या, छत्र्या, एका कोपऱ्यात कधीकाळी न पळता आलेला जीन्सवाला अर्धा इसम. टेबलामागे एक साहेब बसले होते. खुर्ची लाल प्लॅस्टिकची आणि तिच्या पाठीवर कुठल्याशा रसवंतीगृहाचं नाव.

मी म्हटलं, “साहेब, चूक झालीय. मी ग्राहक आहे, अतिक्रमण नाही.”

साहेब रागावले नाहीत. उलट त्यांनी ड्रॉवरमधून पुस्तक काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९. कलम २३१. आयुक्तांनी नोटीस न देता रस्त्यावरून काय काय उचलावं याची त्यात यादी आहे. साहेब एकेका शब्दावर पेन ठेवत गेले. स्टॉल, खुर्ची, बाक, पेटी. मग पेन थांबलं. शिडी.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. शिडीच होती. पुतळ्याचं नाव नव्हतं, मिसळीच्या टेबलाचं नव्हतं. त्यांना ‘इतर कोणतीही वस्तू’ या गर्दीत उभं केलेलं. शिडीला मात्र स्वतःचा स्वतंत्र मान.

“शिडीच का?” मी विचारलं.

“मुंबईचा कायदा १८८८चा. त्यातही शिडी आहेच,” साहेब म्हणाले. म्हणजे हे जुनं वैर. कुणा गोऱ्या साहेबाच्या टोपीवर एखाद्या रंगाऱ्याची शिडी कोसळली असणार, आणि त्याची भरपाई आता माझ्याकडून.

“बरं, फॉर्म भरा. दुकानाचं नाव?”

“दुकान नाही.”

“मग दंड कुणाच्या नावावर लावू? व्यवसाय लिहा.”

मी ‘सेवानिवृत्त’ लिहिलं. साहेबांनी ते कंसात घातलं. मग ते उठून शिडी पाहून आले. पायरीवर इंग्रजीत मोठ्ठं ‘हेवी ड्यूटी’ छापलंय.

“हे इंग्रजीत आहे,” ते म्हणाले. “२०२२पासून पाटी मराठीत लागते, आणि मराठी अक्षर दुसऱ्या अक्षरापेक्षा लहान चालत नाही.”

“साहेब, ती शिडी आहे, पाटी नाही.”

“गंमत केली हो.” पण ते हसले नाहीत, त्यामुळे गंमत नेमकी किती ते कळलं नाही. “पावती घेऊन या, ओळखपत्र घेऊन या, वरच्या साहेबांची सही घेऊन या. वरचे साहेब सोमवारी बसतात.”

रात्री न्यू यॉर्कहून भाच्याचा फोन आला. त्याला सगळं ऐकवलं तर म्हणाला, “मामा, इकडे हॉटेलांना रस्त्यावर टेबलं टाकता येतात, पण परवाना काढून. रस्त्यावरची १ एप्रिल ते २९ नोव्हेंबर.” आमच्या हिने मधेच विचारलं, “३०ला काय होतं?” तो म्हणाला, “उचलून न्यावी लागतात.” ही म्हणाली, “म्हणजे तिथेही गाडी येतेच.” मग तिने त्याला पुण्याचं सांगितलं. २०२१मध्ये ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडवर पादचारी दिन झाला होता, वाहनं बंद ठेवून लोकांना रस्त्याच्या मधून चालू दिलं. “आम्ही तर रोज रस्त्याच्या मधूनच चालतो,” ही म्हणाली, “फक्त वाहनं बंद नसतात.” भाच्याने तिकडची थंडी कशी आहे ते सांगायला सुरुवात केली.

सोमवारी गोदामात गेलो तर साहेबांसमोर आप्पा बसलेले. चहा आलेला. त्यांच्या खुर्च्यांच्या सुटकेचे कागद एका रेघेत पूर्ण: नाव, परवाना, दंड, गाडीभाडं. अशी शिस्त मी बँकेतही पाहिलेली नाही. माझी अडचण ऐकून आप्पांनी साहेबांच्या कागदावर बोट ठेवलं. “साहेब, लिहा की माझ्यातच. खुर्च्या बारा, शिडी एक.” साहेबांनी लिहिलं. मला दुकान नव्हतं म्हणून सुटत नसलेली शिडी आप्पांची म्हणून सुटली. वरच्या साहेबांनीही सही केली. माझा अर्ज मात्र आवक क्रमांक पडल्यामुळे वेगळा निकाली काढायचा राहिला. ती सही अजून व्हायची आहे, ती हीच.

“टेंपोत टाकतो,” आप्पा म्हणाले. “संध्याकाळी दुकानावर या, मिसळ खा, शिडी न्या.”

संध्याकाळी गेलो. मेन रोड पूर्ववत. तिघी पैठण्या जागेवर. आप्पांची टेबलं पायरीपुढे, त्यांच्यापुढे बाक, आणि बाकापुढे माझी शिडी उघडून उभी. तिच्या शेवटच्या पायरीवर आप्पांचा पोरगा चढलेला, तोंडात सुतळी, हातात निळी ताडपत्री. यंदा चार टेबलांवर कायमचं छप्पर करायचं चाललं होतं.

“काका, बरं झालं आलात,” तो वरून म्हणाला. “जरा धरा ना. हलतीय.”

पोरगं पडलं तर? मी पिशवी काखेत मारली आणि दोन्ही हातांनी शिडी धरून फूटपाथच्या मधोमध उभा राहिलो. तेवढ्यात एक आजी काठी टेकत आल्या, थांबल्या, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मागून येणाऱ्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “अहो, रस्ता काय तुमच्या वाडवडिलांनी विकत घेतलाय? माणसांनी चालायचं कुठून?”