सुभेदार मेजर म्हणजे मेजर नव्हे

गावच्या ग्रुपवर सध्या एक चित्र फिरतंय. एकीकडे मेजर, दुसरीकडे सुभेदार मेजर, दोघांच्याही खांद्यावर अशोकस्तंभाचे सिंह. खाली मजकूर: 'चिन्ह एकच, म्हणजे हुद्दा एकच. सुभेदार म्हणजे लेफ्टनंटच, पट्टी नुसती शोभेची. दोन तारेवाला फौजदारही लेफ्टनंटच्या बरोबरीचा. आणि ऑनररी कॅप्टन हे नावापुरतं.' माझे वडील सुभेदार म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी ती पट्टी. वडिलांच्या खांद्यावरची चिन्हं आईने अजून ट्रंकेत जपून ठेवली आहेत. दोन तारे, आणि त्यांच्याजवळ आडवी लाल-पिवळी-लाल पट्टी. हाताने ती झाकली की उरतात ते लेफ्टनंटचे दोन तारे. सगळा फरक त्या पट्टीत आहे. नायब सुभेदाराला एक तारा, सुभेदाराला दोन, सुभेदार मेजरला सिंह, आणि पट्टी तिघांनाही. ती असली की माणूस जेसीओ, म्हणजे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर, जवान आणि ऑफिसर यांच्या मधल्या हुद्द्यांवरचा. १९५० चा आर्मी ॲक्ट 'ऑफिसर' कोण हे सांगताना जेसीओंना त्यातून स्पष्टपणे वगळतो. म्हणजे कालच अकादमीतून आलेला बावीस-तेवीस वर्षांचा लेफ्टनंटही हुद्द्याने सुभेदार मेजरच्या वर. सुभेदार मेजरमधल्या 'मेजर'चा अर्थ एवढाच, की हे पलटणीतले सर्वांत वरिष्ठ सुभेदार.

हे मान्य केल्याने सुभेदाराचा मान कमी होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी पलटण जवळून पाहिलेली नाही. शिपाई म्हणून भरती व्हायचं, मग बाहीवर एक फीत, दोन फिती, तीन फिती, म्हणजे लान्स नाईक, नाईक, हवालदार, आणि त्यानंतर कुठे खांद्यावर पहिला तारा. वयाची ऐन वर्षं त्यात जातात. सुभेदार मेजर तर पलटणीत एकच असतो. जवानांच्या मनात काय चाललंय, हे कमांडिंग ऑफिसर त्यांनाच विचारतात आणि बोलताना 'साहेब' म्हणतात. हा मान त्यांचा स्वतःचा आहे. त्यासाठी त्यांना दुसऱ्याचा हुद्दा चिकटवायची गरज नाही.

फौजदाराचं थोडक्यात सांगतो. त्यांच्या दोन ताऱ्यांखाली लाल-निळी फीत असते आणि पोलिसांची उतरंडच वेगळी आहे. नुसते तारे मोजून दोन खात्यांची बरोबरी लावता येत नाही.

राहिलं ऑनररी कॅप्टन. लांबलचक, चोख सेवा केलेल्या निवडक जेसीओंनाच हा किताब मिळतो, २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला यादी जाहीर होते, आणि खांद्यावर कॅप्टनचे तीन तारे लागतात. १९८७ साली सियाचिनमध्ये सुमारे २१,००० फुटांवरची पाकिस्तानी चौकी घेतली, त्या तुकडीचे नायब सुभेदार होते बाना सिंग. त्यांना परमवीर चक्र मिळालं, त्या चौकीला आज 'बाना टॉप' म्हणतात, आणि ते निवृत्त झाले ते ऑनररी कॅप्टन म्हणून.