'गेम मला मुद्दाम हरवतो' : रँक्डवरच्या आरोपांचा हिशेब

ऑनलाइन गेममध्ये रँक्ड, म्हणजे निकालावर गुण वाढतात-घटतात असे सामने, खेळणाऱ्यांमध्ये एक मजकूर अधूनमधून हमखास फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : गेम तुम्हाला ५० टक्के विजयांवर जखडून ठेवतो, चार सामने सलग जिंकलात की पुढच्या सामन्यात नवशिके टीममेट गळ्यात मारतो (याला ते 'लूजर्स क्यू', म्हणजे हरणाऱ्यांची रांग म्हणतात), विजयाला गुण कमी देतो आणि हरल्यावर जास्त कापतो, नवीन अकाउंट मात्र भराभर वर चढतं. शेवटी 'कंपन्यांनी याचं पेटंटसुद्धा घेतलंय' आणि सोबत बरोबर ५० टक्के विजयांचा एक स्क्रीनशॉट.

स्क्रीनशॉटपासूनच सुरुवात करू, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. आज वापरात असलेल्या बहुतेक क्रमवारी पद्धतींचं मूळ आर्पाद एलो यांनी बुद्धिबळासाठी बसवलेल्या गणितात आहे. 'फिडे' या जागतिक बुद्धिबळ महासंघाने ते १९७० मध्ये स्वीकारलं. दोघांच्या गुणांमध्ये १०० चा फरक असेल तर वरचा खेळाडू साधारण ६४ टक्के वेळा जिंकेल, २०० असेल तर ७६ टक्के, ४०० असेल तर ९१ टक्के, असं हे गणित सांगतं. आता उलट बाजूने पाहा. तुम्ही बरोबरीच्या गुणांच्या लोकांविरुद्ध ५५ टक्के जिंकत असाल, तर तुमची ताकद तुमच्या गुणांपेक्षा किती जास्त? जेमतेम ३५ गुण. एका विजयाला १२ गुण मिळत असतील तर तीन जादा विजयांत ते ३५ गुण भरून निघतात. त्यानंतर समोर येणारे लोक खरोखर तुमच्या तोडीचे असतात आणि प्रमाण ५० वर येऊन बसतं. गेमने ओढून आणलेलं नसतं ते. तुम्ही आपल्या जागी पोचलात याची ती खूण असते.

जागी पोचलात म्हणजे आकडा हलायचा थांबला, असंही नाही. एकास एक सामने, समान गुणांचे प्रतिस्पर्धी आणि दर सामन्याला १२ गुण कमी-जास्त, असं धरलं तर तुमची ताकद तसूभरही बदलली नाही तरी गुण खऱ्या पातळीच्या वर-खाली सुमारे ४५ ने हेलकावत राहतात, कधी त्याच्या दुपटीनेही. पाच विरुद्ध पाचच्या खेळात तर आणखी जास्त. संघाची ताकद पाच जणांच्या सरासरीइतकी मानली, तर तुम्ही २०० गुणांनी सरस असूनही तुमचा संघ फक्त ४० गुणांनी सरस ठरतो आणि विजयाची शक्यता ५६ टक्क्यांच्या आसपास राहते. गुण आणि खरी ताकद यांच्यातली जी तूट एकास एकमध्ये साधारण २० सामन्यांत निम्मी भरते, ती भरायला इथे शंभरेक सामने लागतात, आणि नुसते हेलकावेच १०० गुणांचे असतात. 'अडकलोय' ही तक्रार करणाऱ्यांचा हा मुद्दा मात्र खरा आहे. संघाच्या खेळात क्रमवारी संथ चालते. संथ म्हणजे लबाड नव्हे, एवढंच.

सलग पराभवांचं काय? नाणं १०० वेळा उडवा. कुठे ना कुठे सलग पाच छापे पडण्याची शक्यता सुमारे ८१ टक्के असते, सलग सहा पडण्याची सुमारे ५५. सीझनभरात शंभर सामने खेळून सलग सहा हरलेला माणूस त्यामुळे कमनशिबीही म्हणता येत नाही. त्यात भर आपल्या हातची : चौथ्या पराभवानंतर चिडून, रात्री दोनला 'शेवटचा एक' म्हणून पुढच्या सामन्यासाठी दाबलेला क्यू. त्या सामन्यात तुम्ही स्वतःच तुमच्या गुणांच्या लायकीचे नसता.

वाईट टीममेटचा हिशेब त्याहून सोपा आहे. समजा, दर दहातला एक खेळाडू सामना सोडून जाणारा किंवा मुद्दाम मरणारा आहे. तुमच्या बाजूला असे लोक येऊ शकतील अशा चारच जागा आहेत, कारण पाचवी तुमची. समोर पाच. तुमच्या संघात असा निदान एक जण असण्याची शक्यता ३४ टक्के, समोरच्या संघात ४१. म्हणजे हा घोटाळा असलाच तर तुमच्या फायद्याचा आहे! फक्त समोरच्यांचा गोंधळ आपल्याला दिसत नाही, त्यांचा चॅट आपल्यापर्यंत येत नाही, आणि तो सामना आपण 'मी मस्त खेळलो' या खात्यात टाकतो.

'जिंकलो तर १८, हरलो तर २४' यामागे कारण असतं, पण ते वेगळं. लीग ऑफ लेजेंड्स या गेमने २०१३ मध्ये एलोचा उघड आकडा काढून टियर आणि डिव्हिजन, म्हणजे पायऱ्या आणि उपपायऱ्या आणल्या. प्रतिस्पर्धी ठरवणारा गुणांचा आकडा, म्हणजे एमएमआर, पडद्याआड राहिला. दिसणारी रँक त्या एमएमआरच्या पुढे गेली की गेम तिला मागे खेचतो, म्हणून विजयाला कमी आणि पराभवाला जास्त गुण. रँक मागे असेल तर याच्या नेमकं उलटं होतं. तेव्हा १८-२४ हा निरोप असतो : तुमचा बिल्ला तुमच्या खेळाच्या पुढे गेला आहे. सलग काही विजय मिळाले की आकडे पुन्हा बरोबरीवर येतात.

नवीन अकाउंटचं कोडं मार्क ग्लिकमन यांच्या १९९५ च्या ग्लिको पद्धतीवरून सुटतं. तिच्यात गुणांसोबत अनिश्चिततेचाही आकडा असतो. नवा खेळाडू १५०० गुण आणि ३५० विचलनाने (हाच तो अनिश्चिततेचा आकडा) सुरू होतो, म्हणजे त्याची खरी पातळी ८०० ते २२०० मध्ये कुठेही असू शकते. म्हणून त्याच्या एकेका सामन्याला गुणांची उडी मोठी असते. हजार सामने झालेल्या खात्याचं विचलन लहान असतं, पाऊलही लहान पडतं. डोटा २ हा गेमसुद्धा २०२३ मध्ये ग्लिकोवर गेला. नवीन खातं जितक्या वेगाने चढतं तितक्याच वेगाने कोसळतंही. त्याचे स्क्रीनशॉट कुणी टाकत नाही.

'सर्वांत जास्त किल (मारलेले प्रतिस्पर्धी) माझे, तरी गुण तेवढेच कापले' हा उपमुद्दा पटकन उरकता येतो. किलला गुण दिले की लोक किलसाठी खेळतात, सामन्यासाठी नाही. तरीही मायक्रोसॉफ्टच्या ट्रूस्किल २ या क्रमवारी पद्धतीने २०१८ मध्ये किल, मृत्यू आणि सामना सोडण्याची सवय हिशेबात धरली. हॅलो ५ या गेमच्या सामन्यांवर तिचं भाकीत ६८ टक्के वेळा बरोबर आलं, जुन्या ट्रूस्किलचं ५२ टक्के. 'हा आता नक्की हरेल' असं सामन्याआधी ठरवणं किती अवघड आहे, ते यावरून लक्षात यावं.

आता पेटंट. ते खरंच आहे. ॲक्टिव्हिजन या गेम कंपनीला २०१७ मध्ये मिळालेल्या पेटंटमध्ये खरेदीला चालना मिळेल अशा जोड्या लावण्याची कल्पना आहे. ते कुठल्याही गेममध्ये वापरलेलं नाही, असं कंपनीने तेव्हा सांगितलं. त्याच वर्षी ईए या गेम कंपनीच्या संशोधकांचा सहभाग असलेला एक शोधनिबंध आला, खेळाडू टिकून राहावा अशा रीतीने सामने लावण्याबद्दल. या दोन्हींवर संशय घेणं रास्त आहे, आणि कंपनीच्या शब्दावर डोळे मिटून विसंबावं असंही नाही. पण तो निबंध वाचला तर त्यातला धोक्याचा खेळाडू आहे सलग हरलेला, कारण तो गेम सोडून जातो. त्या तर्काने सिस्टिम तुमची हार तोडायला धावेल. मजकुरात सांगितलेली 'लूजर्स क्यू' तर त्याच्या बरोबर उलट आहे.

तरीही शंका असेल तर तपासा. सामन्यांचा निकाल क्रमाने लिहा. सलग तीन विजयांनंतरचा प्रत्येक सामना वेगळा काढा. दहा-वीस सामन्यांच्या तुकड्यांची टक्केवारी काढून त्यांची सरासरी घेऊ नका, त्यात निखळ नाणंसुद्धा छाप्यांनंतर काट्याकडे झुकलेलं दिसतं. सगळे सामने एकत्र मोजा. पार्टीत, म्हणजे मित्रांसोबत गट करून खेळलेले सामने बाजूला ठेवा. ५० ऐवजी ४० टक्के निकाल येतोय हे ठामपणे म्हणायला असे किमान १०० सामने हवेत, आणि तीन सलग विजय साधारण आठात एकदाच येतात. म्हणजे वहीत ८०० सामने लागतील. फिरणाऱ्या मजकुरासोबतचा स्क्रीनशॉट ४० सामन्यांचा असतो; त्यात असे सामने निघतात पाच.